शून्य अंतरावरची जमीन

मनगटावरच्या पट्टीवर आकडा उमटला तेव्हा वृषाली ठुबे चहात बिस्किट बुडवत होती. तिनं आकडा पाहिला, बिस्किट कपातच विरघळून गेलं आणि तिच्या तोंडून "अगंबाई!" एवढंच बाहेर पडलं.

आकडा होता शून्य.

"काय हो ताई, चहा गोड झाला का?" शेजारच्या खुर्चीतून नगराध्यक्ष अरविंद कवाद हसत म्हणाले.

"नाही, नाही. ठीक आहे," ती म्हणाली आणि साडीचा पदर मनगटावर ओढून घेतला.

जांभूळनेर नगरपरिषदेच्या गृहनिर्माण जमीन समितीची ती सभापती होती. जुन्या दगडखाणीच्या काठावर दोनशे बारा कुटुंबं राहत होती आणि दर वर्षी काठाचा एखादा तुकडा खाली जात होता. त्यांच्यासाठी जमीन घ्यायची होती. प्रस्ताव क्रमांक नऊ सगळ्यांत चांगला होता आणि आज त्यावर मतदान होतं. समितीत माणसं सात. त्यांतल्या तिघांनी आधी आलेले आपापले आकडे बघून खुर्ची सोडली होती, उरले होते चौघं, आणि चारापेक्षा कमी माणसं असली तर खरेदीचा ठराव होतच नाही असा नियम होता. एकतीस मार्चच्या आत जागा नगरपरिषदेच्या नावावर लागली नाही तर घरं बांधायला आलेला राज्याचा निधी परत जाणार होता. आज सव्वीस तारीख होती.

म्हणजे वृषालीनं खुर्ची सोडली की दोनशे बारा घरं गेली. आणि नाही सोडली तर? नाही सोडली तर कुणाला काही कळणार नव्हतं. हीच तर खरी पंचाईत होती.

खुर्ची सोडणं ही जांभूळनेरची अलीकडची रीत. ती सुरू झाली मापाडीपासून. कागदोपत्री त्या यंत्राचं नाव 'हितसंबंध अंतरमापक', पण एवढं लांबलचक नाव कोण घेतंय? बाजार समितीत धान्याचं माप करणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात, तर गावानं यंत्रालाही मापाडी करून टाकलं.

त्याआधी काय होत होतं ते गावात शेंबडं पोरही सांगेल. दहा वर्षांपूर्वीच्या नगरपरिषदेनं गरिबांच्या घरांसाठी म्हणून चक्क ओढ्याच्या पात्रातली जमीन घेतली होती, तीही दुप्पट भावानं. जमीन कुणाची? कागदावर कुण्या ड्रायव्हरची. तो ड्रायव्हर तेव्हाच्या सभापतींच्या व्याह्यांच्या पदरी होता हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सिद्ध मात्र कुणालाच करता आलं नाही. वृषाली तेव्हा कन्याशाळेत गणित शिकवायची. तिच्या वर्गातल्या चार मुली त्या वसाहतीत राहायला गेल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांची दप्तरं वाहून गेली. बाईंचं डोकं फिरलं ते तेव्हा. चार वर्षं तिनं मंत्रालयाचे उंबरे झिजवले, अर्ज केले, भांडली, आणि देशातल्या पहिल्या बारा गावांत जांभूळनेरचा नंबर लावून मापाडी आणला. मग लोकांनीच तिला निवडणुकीला उभं केलं.

मापाडीचं गणित ती शाळेतल्या मुलींना सांगावं तसं सगळ्यांना सांगायची. एखाद्या खरेदीत कुणाचा फायदा आहे हे शोधायचं तर प्रत्येकाचे सातबारे, बँकेची खाती, लग्नं, भागीदाऱ्या, सगळंच बघावं लागणार. असं आपलं घर कोण उघडून दाखवेल? तर मापाडी ते उघडतच नाही. समजा, तुम्ही तुमचा आकडा एका गुप्त आकड्यानं गुणलात आणि तो गुणाकार तेवढा यंत्राला दिलात. यंत्रानं त्या गुणाकारांचीच बेरीज-वजाबाकी केली आणि उत्तर परत दिलं. तुम्ही आपल्या गुप्त आकड्यानं भागलंत की खरं उत्तर तुमच्या हातात. यंत्राला ना तुमचा आकडा कळला ना तुमचं उत्तर. खरं गणित याच्या शंभरपट किचकट होतं, पण गाभा हाच.

आणि मापाडी नुसती नाती बघत नव्हता. नाती बघायची म्हटली तर जांभूळनेरात जो तो कुणाचा ना कुणाचा सोयरा, सगळीच समिती घरी बसली असती. तो खरेदी झाली असं धरून चालायचा. एकदा नाही, दहा हजार वेळा. कधी रस्ता इकडून गेला, कधी तिकडून, कधी भाव चढले, कधी पडले. प्रत्येक वेळी तो बघायचा की शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं आणि तो पदर तुमच्यापासून किती हातांवर आहे. त्या हातांच्या संख्येला म्हणायचं अंतर. अंतर तीन किंवा जास्त असेल तर बसा. तिनाच्या खाली असेल तर उठा.

यावर आणखी एक कडी होती. समितीपुढे जमिनीचे प्रस्ताव यायचे ते मालकाचं नाव झाकून, परीक्षेच्या पेपरांसारखे. माती कशी, पाणी किती, उतार केवढा, शाळा किती लांब आणि भाव काय, एवढंच दिसायचं. मालकाला फक्त मापाडी ओळखायचा. आणि ज्याचं अंतर त्याच्याच मनगटावर. कायद्यानं कुणाला कुणाचा आकडा विचारता येत नव्हता, उठणाऱ्याला कारण पुसता येत नव्हतं, आणि आकड्यांची मोहोरबंद नोंद तक्रार झाली तरच उघडायची. 'माणसाला स्वतःहून उठायची संधी पाहिजे,' हे कलम वृषालीनंच भांडून घालून घेतलं होतं. आता ते कलम तिच्याच मानगुटीवर बसलं.

"मला जरा बरं वाटत नाही," ती उभी राहत म्हणाली. "सभा परवा दुपारी तीनला."

खोटं तरी कुठं होतं? कुणी काही विचारायच्या आत ती यंत्राच्या खोलीकडे निघाली.

*

यंत्राची खोली सांभाळायला तन्वीर तांबोळी होता. तिच्याच घरच्या शिकवणीचा विद्यार्थी, अजूनही तिला बाई म्हणायचा.

"तन्वीर, मापाडी चुकतो का रे?"

"चुकतो ना बाई. दोनाचे तीन होतात, तिनाचे दोन होतात. दहा हजार अंदाज आहेत शेवटी."

"आणि शून्य?"

तन्वीरनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. हुशार पोरगा. "शून्याला अंदाज लागत नाही बाई. शून्य म्हणजे मालक स्वतः. तुम्हाला तुमचा धागा बघायचा असेल तर तिथं अंगठा ठेवा. मी पाठ करून उभा राहतो."

तिनं अंगठा ठेवला. पडद्यावर चार ओळी आल्या. गट क्रमांक १४८, खोपटमाळ शिवार. क्षेत्र पाच एकर. मालक, वृषाली रामभाऊ औटी. खरेदी तीन वर्षांपूर्वी, कुलमुखत्यार महेंद्र रामभाऊ औटी यांच्या सहीनं.

वृषाली औटी म्हणजे तीच, लग्नाआधीची. आणि महेंद्र म्हणजे दादा, तिचा सख्खा थोरला भाऊ.

*

औटीवस्ती पूर्वी वेगळं गाव होती, हद्दवाढीत नगरपरिषदेत आली. वृषाली पोचली तेव्हा दादा कांदाचाळीत खराब कांदा निवडत होता. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणला. वृषालीनं तो हातातही घेतला नाही, तेव्हाच वहिनींना कळलं की काहीतरी बिनसलंय.

"दादा, खोपटमाळावर माझी पाच एकर जमीन आहे म्हणे."

दादाच्या हातातला कांदा तसाच राहिला. मग तो हसला. लहानपणी बोरं चोरताना सापडला की असाच हसायचा.

"आहे ना. तुलाच सांगणार होतो. एकदा सौदा होऊ दे म्हटलं, मग सांगू."

"मी कधी घेतली ती?"

"मी घेतली, तुझ्या नावावर. हद्दवाढीच्या पट्ट्यात एका कुटुंबाला पाच एकरांच्या वर घेता येत नाही, आणि आमचे पाच भरलेले. लग्न झालेली बहीण कायद्यानं दुसरं कुटुंब. म्हणून तुझं नाव."

"आणि सही? माझी सही कुठून आणलीस?"

"तूच दिलीस की. अण्णा गेले त्या वर्षी, भाऊबीजेला."

तिला आठवलं. ओवाळणी झाली होती. दादानं ताटात पैठणी ठेवली होती आणि पैठणीखाली कागद होते. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क बहिणींनी सोडायचा, भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायचं आणि माहेर राखायचं, ही तर घरोघरची रीत. आत्यांनी केलं, मावशीनं केलं. आणि भावानं पुढं केलेला कागद बहीण वाचत नाही. वाचायला घेतला तर भावावर विश्वास नाही असा अर्थ होतो, आणि भाऊबीजेच्या दिवशी ते कोण करील? जांभूळनेरभर 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून बायकांच्या सभा घेणाऱ्या वृषालीनं पाच ठिकाणी खाली मान घालून सह्या ठोकल्या होत्या आणि वर पैठणीचा रंग छान आहे म्हणाली होती.

"ते हक्कसोड होतं ना?"

"हक्कसोड होतं, आणि ते नोंदवायला तुला सारखी शाळेची रजा काढायला नको म्हणून कुलमुखत्यारपत्रही होतं. हक्कसोड मग मी नोंदवलंच नाही. तुझं नाव सातबाऱ्यावरून काढलं असतं तर तू शेतकरी राहिली नसतीस. आणि शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही."

"म्हणजे इथल्या मळ्यात अजून माझा वाटा आहे?"

"आहे. चार एकर," दादा सहज म्हणाला, जणू तिची छत्री विसरून राहिली होती.

"खोपटमाळच का रे घेतलीस?"

उत्तर वहिनींनी दिलं. "तुम्हीच नाही का म्हणालात वन्सं, राखीला आला होतात तेव्हा? खाणीवरच्या लोकांची पाहणी केलीत, आणि त्यांना हलवायचं तर खोपटमाळासारखी जागा नाही, असं जेवताना सांगत होतात. पुढच्याच महिन्यात यांनी व्यवहार केला."

वृषाली मटकन पोत्यावर बसली. म्हणजे बातमी फोडणारीही तीच. ओढ्याच्या पात्रातल्या त्या जुन्या सभापतीला दहा वर्षं शिव्या घातल्या, आणि त्यानं तरी याहून वेगळं काय केलं होतं? तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त दादाचा राग आला.

"मी सभापती झाले तेव्हा तरी सांगायचंस!"

"नावं झाकलेली असतात म्हणे. आणि सातबाऱ्यावर औटी, तू ठुबे. मला वाटलं, मशीनला काय कळणार?"

"मापाडी नावं बघत नाही दादा, माणूस बघतो. अंगठा एकच आहे ना माझा?"

"बरं मग, उद्याच्या उद्या मामाच्या राजूच्या नावावर करून टाकतो. तू परवा निवांत बैस आणि हात वर कर. जमीन वाईट आहे का? तूच निवडलीस ना? लोकांना घरं मिळतील. आणि नफ्यातला निम्मा तुझ्या लेकीच्या, सईच्या, शिक्षणाला ठेवणार होतो मी, आईशप्पथ. चोर नाही तुझा भाऊ."

वाईट हेच होतं की तो खरं बोलत होता. निम्मा वाटा त्यानं नक्की ठेवला असता. वृषाली उठली आणि गाडीत जाऊन बसली. दिलेलं पाणी ती प्यालीच नाही म्हणून वहिनी फाटकापर्यंत तांब्या घेऊन आल्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाणीवर गेली. चंद्रकला धोत्रे तिथल्या बायकांची पुढारी, हाडापेरानं मजबूत, बापजाद्यांनी हीच खाण फोडलेली. घरांच्या भिंतींतल्या भेगांवर इंजिनिअरनं काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भेग वाढली की काच तडकते. चंद्रकलानं तिला एक एक घर दाखवलं.

"ही सोमवारी फुटली. ही काल. आणि ही माझ्या लेकीची, आज पहाटं. आवाज आला तशी पोरांना घेऊन भाईर पळाली."

"चंद्रकलाबाई, एक विचारू? उद्या जी जमीन घ्यायचीय, त्यात आमच्यापैकी कुणाचा फायदा असेल तर?"

"असू दे की!" चंद्रकला फाडकन म्हणाली. "कुणाचा का हुईना. माझ्या नातवंडांच्या डोक्यावर धोंडा नको. मला काय त्याच्या फायद्याचं लोणचं घालायचंय?"

वृषालीला वाटलं, झालं, सुटलो. ज्यांच्यासाठी करायचं त्यांचीच हरकत नाही तर आपण कोण मोठ्या लागून गेलो? बसावं, हात वर करावा, मोकळं व्हावं. तेवढ्यात चंद्रकलाच पुढं म्हणाली, "माझी धाकटी भन वढ्यातल्या वसाहतीत ऱ्हाती. तवा बी आमी असंच म्हनलो हुतो, कुणाचा का फायदा हुईना. पर करावं काय बाई? आमाला फुकट जिमीन कोन देनार हाय?"

वृषाली जागच्या जागी थबकली. गणितात अडलेली पायरी अचानक दिसावी तसं तिला झालं. समिती होती ती खरेदीसाठी. दान म्हणून आलेल्या जमिनीला खरेदी समिती लागतच नाही. ती थेट सर्वसाधारण सभेपुढे जाते, आणि तिथं अठ्ठावीस माणसं बसतात. तिथं एकटी वृषाली उठली तर काही अडत नाही.

आणि जमीन कुणाची? कागदावर तिचीच.

पण पैसा दादाचा होता. त्याचं काय, हा विचार तिनं खाणीपासून घरापर्यंत केला. घरी जाऊन तिनं सरळ फोन लावला. आधी सांगायचं ते दादाला, मग गावाला, एवढं तिचं ठरलं होतं.

"दादा, खोपटमाळ मी नगरपरिषदेला बक्षीस देतेय. तुझं कुलमुखत्यारपत्र आज रद्द करतेय. आणि मळ्यातला माझा वाटा तुला देतेय, खरं हक्कसोड करून. चार एकर बागायत. तुझं नुकसान होणार नाही."

पलीकडे कांद्याची पाटी आपटल्याचा आवाज आला.

"नुकसान?" दादा म्हणाला. "मी जमिनीचं बोलतोय का? गावासमोर उभी राहून सांगणार तू, जमीन माझ्या नावावर निघाली म्हणून. लोकांना काय कळायचं राहणार आहे? औट्यांच्या महेंद्रानं बहिणीला फसवलं, हेच ना?"

"तुझं नाव मी घेणार नाही."

"नाव घ्यायला लागतंय होय! वृषे, हे केलंस तर या घराची पायरी चढू नकोस."

आई-अण्णा गेल्यावर माहेर म्हणजे तेवढा दादाच होता. "नाही चढणार," ती म्हणाली. "पण करणार म्हणजे करणार. तीस तारखेला अकरा वाजता नोंदणी कार्यालयात ये. हक्कसोडाला तुझी सही लागेल."

त्यानं फोन ठेवून दिला. वृषाली स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली, मग तोंड धुऊन बक्षीसपत्राचा मसुदा लिहायला बसली.

*

अठ्ठावीसला दुपारी तीनला सभागृह गच्च भरलं होतं. खाणीवरच्या बायका मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. चौघांच्या खुर्च्या लागल्या आणि वृषाली बसायच्या आतच उभी राहिली.

"मी खुर्ची सोडतेय," ती म्हणाली.

मागं एकच गलका उठला. चंद्रकला तर उठून उभीच राहिली. "अवो बाई! आता हो?"

नगराध्यक्ष कवाद जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, काय करताय? दोन असला काय नि एक असला काय, कुणी बघायला येत नाही. पाच मिनिटं बसा फक्त. मी तुमच्या पाया पडतो."

"बसता येत नाही अध्यक्षसाहेब." मग ती मोठ्यानं म्हणाली, "उठणाऱ्याला कारण विचारत नाहीत. पण मी सांगणार आहे. तन्वीर, माझा आकडा भिंतीवर घे."

मापाडी आल्यापासून असं कुणी केलं नव्हतं. तिनं अंगठा ठेवला आणि समोरच्या भिंतीवर हातभर उंचीचं शून्य उभं राहिलं.

"प्रस्ताव नऊची जमीन माझ्या नावावर आहे. माझ्याच सहीनं घेतलेली आहे. तुम्हाला जमीन कुठली चांगली हे मी घरात बोलले, तिथून हे झालं. चूक माझी आहे. सभापतिपद मी सोडतेय. प्रस्ताव नऊ मागं घेतेय, आणि ती पाच एकर जमीन नगरपरिषदेला बक्षीस देतेय. उद्या सर्वसाधारण सभा बोलवा."

विरोधी बाकावरचे पठारे वकील काही सुखासुखी ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. "वा, वा! आणि बक्षीस दिलेल्या जमिनीशेजारी तुमचीच दुसरी जमीन असली तर? रस्ता जाणार, गटार जाणार, तिचा भाव चढणार. एका हातानं द्यायचं नि दुसऱ्यानं घ्यायचं, ही युक्ती आम्हाला कळत नाही का?"

वृषालीला त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. असं विचारणारं कुणीतरी दहा वर्षांपूर्वी हवं होतं.

"बरोबर विचारलंत. तन्वीर, खरेदी नाही, बक्षीस असं धरून पुन्हा मोज. सगळ्यांसमोर."

मापाडीला तीन मिनिटं लागली. दहा हजार वेळा त्यानं ती जमीन देऊन टाकली, रस्ते फिरवले, भाव चढवले आणि पाडले. वृषाली भिंतीवरून नजर काढेना, कारण दादानं आणखी कुठं काय घेऊन ठेवलं असेल याची तिला आता खात्री राहिली नव्हती. तीन मिनिटांत तिनं भावाला मनातल्या मनात दहादा शिव्या घातल्या आणि दहादा माफ केलं.

भिंतीवर अक्षरं आली. 'कोणत्याही धाग्यावर लाभ आढळला नाही.'

पठारे वकील खाली बसले. बसताना म्हणाले, "मग माझा उद्याच्या ठरावाला पाठिंबा लिहून घ्या."

"आणि आणखी एक लिहून घ्या," वृषाली म्हणाली. "यापुढं जमिनीचा प्रस्ताव कुलमुखत्यारानं आणला तरी मालकाला स्वतः समोर बोलवायचं, आणि ही जमीन आपली आहे हे त्याला किंवा तिला ठाऊक आहे का, ते तोंडी विचारायचं. विशेषतः मालक बाई असेल तर."

मागं भिंतीपाशी बसलेल्या बायकांत कुणीतरी "हां, हे खरं!" म्हणालं. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

*

तीस तारखेला नोंदणी कार्यालयात ती साडेदहालाच जाऊन बसली. ठराव कालच झाला होता, अठ्ठावीसपैकी सव्वीस हात वर. अकराला दादा आला. वहिनींनी पाठवला असणार, इस्त्रीचा सदरा अंगात होता आणि चेहरा आठवड्याच्या आजाऱ्यासारखा. बाकावर तो तिच्यापासून दोन माणसांची जागा सोडून बसला.

आधी बक्षीसपत्र झालं. मग हक्कसोडपत्र आलं. वृषालीनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, बारीक अक्षरांसकट. दादा समोर उभा होता. पूर्वी तिला हे जमलं नसतं. आता तिनं तो बघत असताना अकरा पानं वाचली, एका ठिकाणी गट नंबर चुकला होता तो दुरुस्त करायला लावला आणि मग सही केली. निबंधकांनी नियमाप्रमाणे विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?"

"हो," ती म्हणाली. "या वेळी स्वखुशीनं."

दादानं खाली मान घालून आपली सही केली.

दोघं बाहेर आली तर पायऱ्यांपाशी चंद्रकला आणि आणखी आठ-दहा बायका हार घेऊन उभ्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बाईंच्या नावावरची ती जमीन खरी भावाच्या पैशानं घेतलेली, म्हणजे देणारा तोच. चंद्रकला सरळ दादाकडेच गेली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावायला लागली. "दादा, तुमी दिली म्हनं जिमीन. लई उपकार झालं बघा."

दादा दोन पावलं मागं सरकला. वृषालीनं तोंड उघडलं नाही. त्याचं नाव घेणार नाही असा शब्द तिनं दिला होता, आणि उपकार त्याच्या नावावर गेले तर जाऊ देत, असंही तिच्या मनात येऊन गेलं. बायकांनी हार त्याच्या गळ्यात घातला होता. तो हारात बोटं अडकवून नुसता उभा होता, आणि आजूबाजूला कार्यालयात आलेली, ओळखीची, पाहुण्यारावळ्यांतली कितीतरी माणसं बघत होती.

"मी नाही दिली," दादा म्हणाला. आवाज फुटेना, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "ऐका, मी नाही दिली. मी हिला न विचारता हिच्या नावावर घेतली होती, तुम्हालाच दामदुपटीनं विकायला. दिली ती हिनं."

त्यानं हार काढला, वृषालीच्या हातात ठेवला आणि तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरून आपल्या गाडीकडे निघून गेला.